आरोग्य केंद्रातील संवादाचेही मोजमाप हवे

प्राथमिक आरोग्य केंद्रांची चर्चा निघाली, की डॉक्टरांची रिक्त पदे, औषधांचा तुटवडा आणि नादुरुस्त रुग्णवाहिका हे विषय हमखास पुढे येतात. ते महत्त्वाचे आहेतच. मात्र या केंद्रांतील कर्मचारी एकमेकांशी काय आणि कसे बोलतात, याकडे क्वचितच लक्ष जाते.

निकषांनुसार सपाट प्रदेशात ३० हजार, तर आदिवासी व डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र असते. उपकेंद्रासाठी हेच प्रमाण अनुक्रमे पाच हजार व तीन हजार आहे, तर साधारण एक हजार लोकसंख्येमागे एक आशा. गर्भवतीच्या चेहऱ्यावर आलेली सूज प्रथम आशाच्याच नजरेस पडते. तिच्याकडून आरोग्य सेविकेला आणि पुढे वैद्यकीय अधिकाऱ्याला वेळेत निरोप गेला, तर रक्तदाब तपासून उपचार सुरू होतात. एक दुवा निसटला, तर त्याची किंमत माता आणि बाळाला मोजावी लागते.

या साखळीत प्रत्येकाचा धनी वेगळा, ही मूळ अडचण आहे. वैद्यकीय अधिकारी राज्य सेवेतील, नियमित आरोग्य सेविका जिल्हा परिषदेची, अंगणवाडी सेविका महिला व बालविकास विभागाची. आयुष्मान भारत योजनेतून २०१८ नंतर उपकेंद्रांत आलेला समुदाय आरोग्य अधिकारी कंत्राटी, तर २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून उभी राहिलेली आशा कामागणिक मोबदल्यावर. गावाची सर्वाधिक माहिती जिच्याकडे, तिचे स्थान उतरंडीत सर्वांत खाली. मासिक बैठक उद्दिष्टे आणि अपुऱ्या नोंदींच्या झाडाझडतीपुरती उरली, तर आदेश खाली येतात. माहिती वर जात नाही.

हे चित्र बदलता येते, हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेडने दाखवून दिले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे प्रकल्प सुरू केला. गावांत परिचारिका नेमण्याचा सुरुवातीचा प्रयोग रुजला नाही. त्यानंतर गावातीलच, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करण्यात आले. त्या प्रशिक्षणासाठी नियमितपणे जामखेडला येत, डॉक्टर व परिचारिकांसमवेत बसून गावातील अडचणी मांडत. शिकणे दोन्ही बाजूंनी होते. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

शासकीय केंद्रांत असा बदल घडवायचा, तर आधी वस्तुस्थितीचा अभ्यास हवा. बैठकीत कोण किती बोलते, आशाचा निरोप डॉक्टरांपर्यंत किती वेळात पोहोचतो, पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे तिला कळवले जाते का, अशा साध्या नोंदींतूनही बरेच उघड होईल. अर्थात, ही पाहणी कारवाईसाठी नाही, सुधारणेसाठी आहे, असा विश्वास कर्मचाऱ्यांना वाटला पाहिजे; अन्यथा नोंदवह्यांत आणखी एका रकान्याची भर पडेल, एवढेच.