सकाळी शस्त्रक्रिया, संध्याकाळी घरी

मोतीबिंदूची वा हर्नियाची शस्त्रक्रिया करून रोग्यास त्याच दिवशी घरी धाडणे वैद्यकदृष्ट्या गैर नाही. खाट वाचते, खर्चही वाचतो. परंतु रात्रीची शुश्रूषा घरातील स्त्रीवर पडते, आणि तिचे वेतन कोणत्याच हिशेबात धरले जात नाही! मध्यरात्री रक्तस्राव सुरू झाला तर तिने कोणाचे दार ठोठवावे? महाराष्ट्राचा कारभार आजही १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावर चालतो. केंद्राचा २०१० चा कायदा राज्याने स्वीकारला नाही. २०२१ च्या नियमांनी दरपत्रक लावणे सक्तीचे केले, हे ठीकच. आता रात्रीचा जबाबदार डॉक्टर आणि गुंतागुंत झाल्यास दाखल करून घेणारे रुग्णालय यांची लेखी हमी दिल्यावाचून कोणत्याही दिवसोपचार केंद्राच्या नोंदणीचे नूतनीकरण होता कामा नये.