बोनस, उचल आणि ओवाळणी

दसऱ्याचे सोने वाटून होते न होते तोच कामगार वस्त्यांतून एकच प्रश्न फिरू लागतो : यंदा किती? बोनसचा आकडा जाहीर होतो, मालक मिठाईच्या पुड्यासोबत पाकीट हाती ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रे लिहितात, 'कामगारांना दिवाळी भेट'. या एका शब्दात लबाडी भरलेली आहे. भेट देणाऱ्याच्या मर्जीवर असते. बोनस हा मर्जीचा प्रश्न राहू नये यासाठी या देशातील कामगार पन्नास-साठ वर्षे लढला.

पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांनी अमाप नफा कमावला आणि १९१७ पासून 'युद्ध-बोनस' देण्यास सुरुवात केली. नफा आटताच मालकांनी हात आखडता घेतला. १९२४ च्या आरंभी सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर गेले. सरकारने नेमलेल्या समितीने निर्णय दिला की कामगारांचा बोनसवर कोणताही कायदेशीर हक्क नाही. तो हक्क कायद्यात यायला १९६५ साल उजाडावे लागले. तेव्हा किमान दर होता ४ टक्के. १९७२ साली तो ८.३३ झाला. आणीबाणी येताच १९७५ साली वटहुकमाने तो पुन्हा ४ वर आणण्यात आला, कारण संप करण्याची सोय उरली नव्हती. १९७७ साली जनता सरकारने तो पूर्ववत केला. १९८२ च्या गिरणी संपाची ठिणगीसुद्धा १९८१ च्या दिवाळीतील बोनसच्या वादातूनच पडली. १९६५ चा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे. किमान दर मात्र ८.३३ टक्केच आहे. शेकडा ८.३३ म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा. हे राखून ठेवलेले वेतन आहे, बक्षीस नव्हे.

एवढ्या लढ्याने मिळालेले हे वेतन एका दुपारी बाजारात कसे विरघळते, हे पाहण्याजोगे आहे. येथे कामगाराला काटकसरीचे पाठ देण्याचा हेतू नाही. ते काम पोटभर जेवलेली माणसे शंभर वर्षे करीत आली आहेत. वर्षातून एकदा मुलांना नवे कपडे घ्यावेत, घरात करंज्या-अनारसे व्हावेत, बहिणीच्या तबकात काही घालावे यात उधळेपणा तो कोणता? प्रश्न खर्चाचा नाही. तो कोणत्या अटींवर होतो, हा आहे.

दुकानाच्या दारावर पाटी असते : 'शून्य टक्के व्याज, सुलभ हप्ते'. समजा, एका मोबाइल फोनची किंमत १२,००० रुपये आहे. सहा महिने दरमहा २,००० रुपये भरायचे. वरवर पाहता व्याज काहीच नाही. पण रोख पैसे मोजणाऱ्याला तोच फोन ६०० रुपये सवलतीने मिळतो आणि हप्त्याने घेणाऱ्याकडून 'प्रोसेसिंग फी' म्हणून ५०० रुपये आधीच कापले जातात. म्हणजे ग्राहकाच्या पदरात प्रत्यक्षात पडले १०,९०० रुपयांचे कर्ज आणि त्याने फेडले १२,०००. अकराशे रुपये व्याज झाले. हे दहा टक्के आहे असे समजून पुष्कळ जण समाधान मानतात, आणि येथेच फसतात. कर्ज दरमहा फिटत असते. सहा महिन्यांतील सरासरी बाकी साडेसहा हजारांच्याही आत राहते, आणि मुदत वर्षाची नव्हे, सहा महिन्यांची असते. नीट हिशेब मांडला तर वार्षिक दर चौतीस टक्क्यांच्या जवळ जातो. गावचा सावकार दरमहा शेकडा तीन रुपये मागतो तेव्हा त्याला रक्तपिपासू म्हटले जाते. काचेच्या दारामागे, थंड हवेत, टाय लावलेला तरुण जवळजवळ तेच मागतो, तेव्हा त्याला 'ऑफर' म्हणतात.

रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वात नसते. व्याज शुल्काच्या आड दडवलेले असते. कर्जाचा सर्व खर्चासह वार्षिक दर ग्राहकाला लेखी सांगण्याचे बंधनही आता कर्ज देणाऱ्यांवर आहे. तो कागद मागून घेण्याची सवय लावणे, हे शाखांच्या बैठकीत दहा मिनिटांत होण्यासारखे काम आहे.

भेटवस्तूंचा विचार अर्थशास्त्राने दोन टोकांनी केला आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जोएल वाल्डफोगेल याने १९९३ साली नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला : घेणाऱ्याच्या लेखी वस्तूचे मोल तिच्या किमतीपेक्षा एकदशांश ते एकतृतीयांशाने कमी भरते. तेवढी संपत्ती वायाच जाते, असा त्याचा निष्कर्ष. न फोडता चार घरे हिंडणारा सुक्या मेव्याचा डबा ज्याने पाहिला आहे, त्याला हे पटायला वेळ लागणार नाही. मात्र फ्रेंच विचारवंत मार्सेल मॉस हा वाल्डफोगेलपेक्षा खोल गेला होता. मॉस स्वतः समाजवादी, सहकारी चळवळीत वावरलेला. १९२५ च्या आपल्या ग्रंथात त्याने दाखविले की देणे, घेणे आणि परत देणे ही तीन बंधने समाजाला बांधून ठेवतात. भाऊबीजेची ओवाळणी किमतीत मोजता येत नाही ती यामुळेच.

पण जेथे देणारा आणि घेणारा बरोबरीचे नसतात, तेथे हेच बंधन फास होते. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण घ्या. जावयाला अंगठी, मोटरसायकल, व्याह्यांना आहेर. मुलीच्या सुखाची खंडणीच ती. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, पण सणाच्या नावाखाली दिलेल्याची तक्रार कोण करणार? या एका दिवसासाठी काढलेले कर्ज पुढची तीन-चार वर्षे फेडणारी घरे प्रत्येक तालुक्यात आहेत. पक्षाच्या किती कार्यकर्त्यांनी स्वतःच्या मुलाचा दिवाळसण नाकारला, हे एकदा मोजायला हरकत नाही.

आणि ज्यांच्या वाट्याला बोनसच नाही त्यांचे काय? बीडचा ऊसतोड कामगार दिवाळी करतो ती मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर. सण आटोपतो आणि कोयता खांद्यावर घेऊन नवरा-बायको फडाकडे निघतात. हंगाम लवकर आटोपला, किंवा एखादे आजारपण आले, की उचल फिटत नाही. ती पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते आणि माणूस त्याच मुकादमाशी बांधला जातो. शहरातही चित्र फार वेगळे नाही. राज्य सरकारच्या कायम कर्मचाऱ्याला सण अग्रिम मिळतो, तोही खरोखर बिनव्याजी. त्याच कार्यालयात झाडू मारणारी कंत्राटी बाई मात्र बचत गटाकडे नाहीतर मायक्रोफायनान्सच्या दाराशी जाते. बिनव्याजी पैशाची ज्याला सर्वांत अधिक गरज, त्यालाच तो मिळत नाही.

यावर वस्त्यांतील बायकांनी आपला मार्ग केव्हाच शोधला आहे. वर्षभर आठवड्याला पन्नास-शंभर रुपये जमवायचे आणि दिवाळीच्या आधी रवा, साखर, तेल, डाळ घाऊक भावाने आणून वाटून घ्यायचे. व्याज नाही, दुकानदाराची उधारी नाही. धोका एकच : पैसे सांभाळणारी व्यक्ती गेली की फंडही गेला. हा व्यवहार नोंदणीकृत पतपेढीच्या खात्यात, दोन सह्यांनी, दरमहा हिशेब वाचून दाखवून झाला तर तो टिकतो. कामगार पतपेढ्यांनी कंत्राटी कामगारांना सभासद करून घेण्यास टाळाटाळ थांबवावी, ही मागणी युनियनच्या आत करावी लागेल, आणि ती मालकाकडे करावयाच्या मागणीइतकीच अवघड आहे.

मालकाकडची बाब वेगळी. हिशेबाचे वर्ष मार्चअखेर संपते आणि कायदा बोनस देण्यास आठ महिन्यांची मुदत देतो, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत. दिवाळी बहुधा त्याआधीच येऊन जाते. मालक ही मुदत दाखवून वेळ काढतो आणि तेवढ्या पंधरा दिवसांत कामगार हप्त्याच्या दुकानात शिरतो. ऑक्टोबरमध्ये दारावर घोषणा देऊन हे टळत नाही. मागणीपत्र गणपतीपूर्वी गेले पाहिजे, त्यात कंत्राटी कामगारांची यादी जोडलेली असली पाहिजे, आणि बोनसची तारीख धनत्रयोदशीच्या किमान दहा दिवस आधीची लिहून घेतली पाहिजे.