अब्बांची गाडी

या महिन्यात स्वतःच्या घरातली एक गोष्ट सांगायची आहे. सांगताना थोडी लाज वाटते, पण शाळेत मुलांना चूक कबूल करायला शिकवणाऱ्यांनी स्वतःची चूक लपवू नये.

आमचे सासरे, मरहूम अब्बा, टेम्पो ट्रॅव्हलर चालवत. शहापूर-मुरबाड भागातली लग्नाची वऱ्हाडे, म्हशाच्या यात्रेचे प्रवासी, मालेगाव-गुलबर्ग्याचे पाहुणे, सगळे त्यांच्या गाडीत बसलेले. पुढे वय झाल्यावर त्यांनी मागच्या सीट काढल्या, दोन फळ्यांचे पलंग ठोकले, पत्र्याचे कपाट आणि स्टोव्हसाठी ओटा केला. घरातल्यांना घेऊन अजमेरपर्यंत गेले, तेव्हा आठ दिवस सगळे त्या गाडीतच राहिले होते. 2010 मध्ये अब्बा अल्लाहला प्यारे झाले आणि गाडी सरळगावकडच्या आमच्या वाडीत आंब्याखाली उभी राहिली. ती तेरा वर्षे तशीच उभी होती.

2023 च्या उन्हाळ्यात भंगारवाला आला. साठ हजार देतो म्हणाला. त्याच आठवड्यात आपांच्या, म्हणजे आमच्या थोरल्या नणंदेच्या, शहापूरच्या खोलीचे भाडे वाढले होते. आपा बेवा आहेत, मूलबाळ नाही, शाळेचे गणवेश शिवून पोट भरतात. आम्ही मोठ्या मनाचा आव आणून म्हणालो, "आपा, गाडी भंगारात देण्यापेक्षा तुम्हीच घ्या. नीट करून देतो. वाडीत राहा, भाडे वाचेल."

आपांनी सुई कापडात खोचली आणि विचारले, "दुल्हन, देताय म्हणजे खैरात? की माझा हिस्सा?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. अब्बा गेल्यावर दोन्ही भावांनी आपांना हक्कसोडपत्रावर सही करायला सांगितले होते. त्यांनी ना सही केली, ना भांडण. म्हणून वाडीची वारस नोंद अडकली होती आणि गाडीही कुणाच्या नावावर झाली नव्हती. मात्र वाडीतले आंबे आणि गवत दरवर्षी विकले जात होते आणि पैसे दोघा भावांत वाटले जात होते. त्यातल्या आमच्या वाट्यातून मुलांची फी गेली, फ्रिज आला. आम्ही वर्गात अपूर्णांक शिकवतो, पण घरातला हा हिशेब तेरा वर्षे मांडला नव्हता.

त्या रात्री मुलांच्या अब्बांनी धाकट्या दिरांना बोलावले आणि वही उघडली. सूरह निसामध्ये मुलाला दोन मुलींइतका हिस्सा ठरवून दिला आहे. कफन-दफन, कर्ज आणि वसीयत आधी बाजूला निघते. अब्बांवर कर्ज नव्हते, सासूबाई त्यांच्या आधीच गेल्या होत्या. म्हणजे दोन मुलगे आणि एक मुलगी असे पाच भाग: दोन, दोन आणि एक.

गाडीचे साठ हजार. आपांचे बारा, भावांचे चोवीस-चोवीस. गाडी आपांनी ठेवायची तर भावांना अठ्ठेचाळीस हजार द्यायला हवेत. दीर म्हणाले, "ती कुठून देणार?" मुलांच्या अब्बांनी पुढची ओळ लिहिली. वाडीचे उत्पन्न सरासरी वर्षाला वीस हजार, तेरा वर्षांचे दोन लाख साठ हजार. त्याचा पाचवा भाग बावन्न हजार. अठ्ठेचाळीस वजा केले तर चार हजार उरले, आणि तेही आपांचेच आमच्याकडे निघत होते!

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग दीरच म्हणाले, "उद्या सकाळी वाडीत जाऊ. चाके तर बघू."

चाकांपासूनच सुरुवात झाली. टायरवर 1408 असा आकडा होता. म्हणजे 2008 सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेले टायर. कडेला भेगा पडल्या होत्या, ते काढून गाडी लाकडी ठोकळ्यांवर घेतली. मुरबाडच्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी इंजिनाला चावी लावूच दिली नाही. इतकी वर्षे उभ्या इंजिनात तेल खाली उतरलेले असते, सुके भाग घासले तर कायमचे खराब होतात. त्यांनी टाकीतले जुने डिझेल काढले, तळाचा गाळ धुतला, फिल्टर आणि ऑइल बदलले, इंजिन आधी हाताने फिरवून पाहिले. वायरिंग उंदरांनी खाल्ले होते, ते सगळे नवे ओढले. आठव्या दिवशी काळा धूर सोडत गाडी सुरू झाली, तेव्हा आपा पदर तोंडाला लावून आंब्याआड गेल्या.

पण गाडी रस्त्यावर न्यायची नाही हे ठरलेलेच होते. नोंदणीची आणि फिटनेसची मुदत कधीच संपलेली. शिवाय गाडीच्या रचनेत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. हौसेने आतून घर करून हमरस्त्याला निघणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावे. आपांना फिरायचे नव्हते, राहायचे होते.

राहण्यासाठी खरी लढाई पावसाशी आणि उन्हाशी. खिडक्यांचे रबर बदलले, टपाचे सांधे भरले, गंजलेली जमीन कापून नवा पत्रा आणि त्यावर प्लाय टाकले. तरी मे महिन्यात टप असा तापे की आत बसवत नसे. शेजारच्या ठाकूरवाडीतल्या काकांनी उपाय सांगितला: गाडीवर हातभर अंतर सोडून मांडव घाला. लाकडी खांबांवर पत्रे, त्यावर भाताचा पेंढा. मधून वारा खेळतो, ऊन टपावर पडत नाही आणि पावसाचा माराही चुकतो. त्यावरच शंभर वॅटचे सौर पॅनल बसवले. दोन दिवे, छोटा पंखा आणि मोबाइल एवढे चालते. मशीन पायाची आहे. गॅसची शेगडी असलेल्या कोपऱ्यात जमिनीलगत जाळीचे भोक ठेवले, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो. संडास-न्हाणी बाहेर, शोषखड्ड्यासह पक्की बांधली.

पाण्याचे मात्र आमच्या भागात काय सांगावे! भातसा, तानसा शहापूर तालुक्यात, मुंबई त्यांचे पाणी पिते आणि इथल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. वाडीतली विहीर मार्चपर्यंत टिकते. म्हणून आपांनी आपले ते चार हजार मागून घेतले आणि पाण्याची टाकी आणली. दुरुस्तीचा बाकी खर्चही आपांच्याच बचतीतला. मजुरी तेवढी भावांनी केली.

नातेवाईक बोललेच. "बहिणीला गाडीत ठेवले?" आम्ही सांगितले की केरळच्या एसटीने 2020 मध्ये मुन्नारच्या डेपोत जुन्या बसमध्ये पर्यटकांच्या झोपण्याची सोय केली. आपल्या ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली 2018 पासून कंटेनरमध्ये सिग्नलवरच्या मुलांची शाळा भरते. भिंत पत्र्याची आहे की विटांची, यावर घराची इज्जत ठरत नाही. एकट्या बाईच्या सुरक्षिततेची चिंता मात्र आम्हालाही होती. दाराला आतून दुहेरी कडी लावली आणि ठाकूरवाडीतली एक विद्यार्थिनी रोज संध्याकाळी शिवण शिकायला येऊ लागली. तिची आई तिला न्यायला येते आणि तासभर तिथेच गप्पा मारते.

दोन पावसाळे गेले. पहिल्या वर्षी एका खिडकीतून गळले, दुसऱ्या वर्षी नाही. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज तिघांच्या नावाने दिला आहे. हक्कसोडपत्राचा तो जुना कागद मुलांच्या अब्बांनी आपांसमोरच फाडला.

मागच्या ईदला आम्ही शिरखुर्म्याचे पातेले घेऊन वाडीत गेलो. आपांनी पातेले दारातच हातातून घेतले, बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "हे परत जाताना घेऊन जा, दुल्हन. आज माझ्या घरचा प्यायचा."

आम्ही अब्बांच्या पलंगावर मांडी घालून बसलो. तुमच्याही घरी कुठे एखादी गाडी, एखादी वाडी, एखादी खोली बिनवाटपाची पडून असेल, तर भंगारवाला यायच्या आधी वही उघडा.