अपघाताच्या पंचनाम्यात डोळ्याचा रकाना नाही

उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या रस्त्यांवर रात्रीची वाहतूक वाढते. डबल ट्रॉल्या, बैलगाड्या, तोडणी मजुरांच्या मोटारसायकली. आठ-पंधरा दिवसांत कुठे ना कुठे अपघात ठरलेलाच. कारण म्हणून वेग लिहिला जातो, दारू लिहिली जाते, अलीकडे मोबाईल. चालकाला बाजूचं दिसत होतं का, हे कोणी विचारत नाही.

मलाही ते सुचलं नसतं. एका गावात अठ्ठावीस वर्षांचा ट्रॅक्टर चालक एकाच हंगामात दोनदा बैलगाडीला घासला. गावाने निकाल देऊन टाकला, पितो. चावडीत मीही बसलो होतो. पोरगं म्हणालं, "साहेब, माळकरी हाय मी. गाडी बाजूला कधी आली तेच कळलं न्हाई." पुढे जिल्ह्याला डोळे तपासले, तर दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. समोरचं लख्ख दिसत होतं, कडेचं गेलेलं होतं.

काचबिंदू आणि मोतीबिंदू यांत आपल्याकडे कायम गफलत होते. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, शस्त्रक्रिया केली की पुन्हा दिसतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी शीर झिजते, बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढल्याने. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी औषधाने किंवा शस्त्रक्रियेने राखता येते. बहुतेकांना ना दुखतं ना खुपतं. नजर गेलेल्या जागी काळंही दिसत नाही, मेंदू ती जागा आपल्या अंदाजाने भरून काढतो. म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. चेन्नईजवळच्या खेड्यांत झालेली पाहणी 2005 साली प्रसिद्ध झाली. तीत नेहमीच्या प्रकारचा काचबिंदू सापडलेल्यांपैकी 98 टक्क्यांहून अधिक लोकांना तो आपल्याला आहे हे आधी ठाऊकच नव्हतं.

हा म्हाताऱ्यांचा रोग, असं आपण धरून चालतो. चाळिशीनंतर धोका वाढतो हे खरं, पण तरुणांना तो होतच नाही असं नाही. घराण्यात असेल तर पोरवयातही येतो. वैरण काढताना, बैलाचं शिंग लागून डोळ्याला जोराचा मार बसला असेल तर काही वर्षांनीही दाब वाढू शकतो. तिसरं कारण आपल्या हातातलं आहे, त्याबद्दल जरा स्पष्टच लिहितो. उन्हाळ्यात पोरांचे डोळे खाजतात, लाल होतात. मेडिकलमधून थेंब आणले जातात. त्यात स्टेरॉईड असेल तर दोन दिवसांत आराम पडतो, मग तीच बाटली दर उन्हाळ्यात येते. असे थेंब महिनोन् महिने घातले तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि शीर झिजू लागते. कायद्याने ते चिठ्ठीशिवाय द्यायचे नाहीत. फवारणीच्या औषधाचं लेबल वाचा म्हणून मी गावोगाव घसा कोरडा करतो, डोळ्याच्या बाटलीचं लेबल मीही कधी वाचलं नव्हतं. हा चालक शाळेत असल्यापासून तसले थेंब घालत होता.

आता याचा अपघाताशी संबंध किती? अमेरिकेत कॅलिफोर्नियातील दहा हजार चालकांची नजर तपासून 1983 साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. ज्यांच्या दोन्ही डोळ्यांची आजूबाजूची नजर कमी झाली होती, त्यांचे अपघात इतरांच्या दुप्पट होते. त्या दोषाची प्रमुख कारणं काचबिंदू, पडद्याचे विकार आणि मोतीबिंदू. दोष निघालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना तो माहीत नव्हता. एकाच डोळ्याची नजर कमी असलेल्यांत मात्र फरक आढळला नाही, दुसरा डोळा सांभाळून घेतो.

आपल्याकडे 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यातली 15,224 महाराष्ट्रात. देशातल्या बळींपैकी सुमारे दोन तृतीयांश ग्रामीण भागातले. यातले किती नजरेमुळे, हे सांगता येत नाही, कारण सरकारी वर्गवारीत अतिवेग, मद्यपान, चुकीची बाजू, मोबाईल हे रकाने आहेत, डोळ्याचा नाही. सगळं खापर डोळ्यावर फोडावं असं मी म्हणत नाही. बिनदिव्याची, बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली धडधाकट डोळ्यालाही दिसत नाही. पण काचबिंदूत अंधूक उजेडातलं दिसणंही कमी होतं, आणि आपली ऊस वाहतूक तर रात्रीचीच.

लायसन काढताना चाळिशीच्या आतल्या माणसाने खासगी गाडीसाठी फॉर्म 1 स्वतःच भरून द्यायचा असतो. पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, असं त्यात विचारलं आहे. आमच्या चालकाने ती आजही वाचली असती.

कारखाने हंगामाआधी वाहनांचे करार करतात, तेव्हाच चालकांच्या डोळ्यातला दाब आणि आजूबाजूची नजर तपासून घ्यायला काय हरकत आहे? सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेबांनी गावातल्या मोतीबिंदूच्या शिबिरात तरुण चालकांनाही बसवावं, दाब मोजायचं यंत्र येणार का ते आधी विचारावं. आई-वडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल त्यांनी शिबिराची वाट बघू नये.

त्या चालकाने स्टेअरिंग सोडलं, आता रोज थेंब घालतो आणि घरची शेती बघतो. धाकट्या भावालाही तपासून आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मागच्या आठवड्यात तो मला रस्त्यात भेटला. "जातो की साहेब, हंगाम संपला की," म्हणाला आणि ट्रॅक्टर घेऊन गेला.