तुमचा रविवार, आमचा सोमवार

हॉस्टेलमध्ये नवीन ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "गाव कोणतं गं तुझं?" मी म्हणते, "चिखलदरा." की समोरचीचा चेहरा एकदम फुलतो. "अय्या, काय लकी आहेस तू! तुमची तर रोजच पिकनिक!" फर्स्ट इयरला मी हे हसून सोडून द्यायचे. सेकंड इयरला "हो ना" म्हणून विषय बदलायचे. आता थर्ड इयर संपत आलं आहे आणि परवा आमच्या विंगमध्ये एक बेत शिजला. येत्या पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी काढायची आणि सगळ्यांनी चिखलदऱ्याला जायचं. गाइड अर्थातच मी! सगळं ठरल्यावर एकीनं विचारलं, "ए, चोवीस तास गरम पाणी असलेलं रिसॉर्ट सांग ना एखादं."

मी गप्प बसले. मैत्रिणीला वाटलं मला राग आला. राग नव्हता आला. उत्तर मोठं होतं, आणि ते मेसच्या लाइनमध्ये उभं राहून देता येण्यासारखं नव्हतं. म्हणून हा लेख.

चिखलदऱ्याची माहिती तशी सगळ्यांना असते. अमरावती जिल्हा, मेळघाट, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास उंची. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा, त्याचं झालं चिखलदरा, ही कथा प्रत्येक गाइड सांगतो. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ही जागा हेरली आणि साहेबांचं उन्हाळ्यात इथे येणं सुरू झालं. त्याच्या वीस वर्षं आधी, डिसेंबर १८०३ मध्ये, शेजारचा गाविलगड इंग्रजांनी भोसल्यांकडून जिंकून घेतला होता. कॉफीची झाडं, देवी पॉइंट, हरिकेन पॉइंट, पंचबोल, शक्कर तलाव, सगळं दोन दिवसांत पाहून होतं. संध्याकाळी रबडी खायची आणि परत निघायचं. पाहुण्यांचं चिखलदरा इथे संपतं.

आमचं तिथून सुरू होतं. गावाची वस्ती २०११ च्या जनगणनेत पाच हजारांच्या आसपास होती. आपल्या कॅम्पसच्या गॅदरिंगला जेवढी गर्दी होते, त्याच्या दोन-तीन पट धरा. माझे बाबा जीप चालवतात, पाहुण्यांना पॉइंट दाखवतात. आई पॉइंटजवळ चहा आणि भाजलेली कणसं विकते. म्हणजे आमच्या घराची चूल पाहुण्यांवरच पेटते, हे आधीच सांगून टाकते. उद्या कोणी म्हणायला नको की पोरगी पाहुण्यांच्या विरोधात लिहून राहिली आहे.

आमच्या घरात कॅलेंडर भिंतीवर असतं, पण वर्ष मोजलं जातं सीझनमध्ये. पहिला सीझन मे महिन्याचा. खाली नागपूर-अमरावती पंचेचाळीसच्या पुढे भाजून निघतं आणि लोक वर धावतात. दुसरा पावसाळ्याचा. धुकं, धबधबे, शनिवार-रविवार. मग दिवाळीनंतरचे आणि नाताळचे थोडे दिवस. उरलेलं वर्ष बाबांची जीप अंगणात उभी असते आणि हप्ता मात्र दर महिन्याला असतो. शाळेत असताना मला दप्तर, वह्या, युनिफॉर्म कधीच जूनमध्ये नवे मिळाले नाहीत. आई म्हणायची, "पंधरा ऑगस्ट होऊन जाऊ दे, मग घेऊ." बहुतेकांचा सण तेव्हा झेंड्याचा असायचा, आमचा वहीचाही असायचा.

पावसाळ्यातल्या धुक्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्या धुक्यात कपडे वाळत नाहीत, हे फोटोत दिसत नाही. शेगडीवर टोपली उपडी टाकून त्यावर शाळेचे मोजे वाळवायचे, आणि मग दिवसभर वर्गात धुराचा वास. वारा सुटला की वीज जाते. भाजी परतवाड्याहून घाट चढून येते, त्यामुळे गर्दीच्या दिवसांत टोमॅटोसुद्धा पाहुण्यांच्या भावानं घ्यावे लागतात. बारावीनंतर इंजिनियरिंगसारखं काही शिकायचं तर खाली उतरावंच लागतं. आजारी पडलं आणि मोठा डॉक्टर हवा असला, तरी खालीच.

या खाली उतरण्याचीच एक गोष्ट. मी दहावीत होते. ऑगस्ट महिना, जोडून आलेली सुट्टी. रविवारी दुपारी आजीला धाप लागली. तिला बसवेना, झोपवेना. बाबांनी सकाळपासूनच्या पाहुण्यांना हात जोडून उतरवलं आणि आम्ही आजीला घेऊन निघालो. घाटात पहिल्या मोठ्या वळणालाच गाड्या थांबलेल्या. पुढे एक धबधबा रस्त्याला लागून पडत होता. त्याच्यासमोर गाड्या आडव्यातिडव्या लावून लोक फोटो काढत होते. बाबा हॉर्न वाजवत होते, तर एक जण काच खाली करून म्हणाला, "काहून घाई करून राहिले भाऊ, आम्ही पण थांबलोच आहे ना!" वाईट माणूस नव्हता तो. त्याला वाटलं आम्हीही फिरायलाच आलो आहोत. त्या रस्त्यावर कोणी राहणारं असू शकतं, कोणाला दवाखान्यात पोचायचं असू शकतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. एमएच ३१ ची गाडी होती, आपल्या नागपूरची. पाऊण तासाचा घाट उतरायला आम्हाला तीन तास लागले. आजी वाचली, दोन वर्षं आणखी जगली. पण त्यानंतर ऑगस्ट जवळ आला की ती बाबांना म्हणायची, "मले आधीच खाली नेऊन ठेव रे." आपल्याच घरात तिला पावसाळ्याची भीती वाटायला लागली होती.

हे सगळं मला कळत होतं, पण दुसऱ्या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं. ते घडलं गेल्या डिसेंबरमध्ये, आपल्या सिव्हिलच्या टूरमध्ये. आम्ही जैसलमेरला गेलो. किल्ला, हवेल्या, वाळूत उंटावर बसून काढलेले फोटो, सगळं रीतसर झालं. पहिल्या सकाळी मी थंडीत गरम पाण्याच्या दोन बादल्या घेऊन मस्त अंघोळ केली, केस धुतले. खाली आले तर गेस्ट हाउसमधला मुलगा हंडे भरून ठेवत होता. सहज विचारलं तर म्हणाला, घर किल्ल्यात आहे, नळ पहाटे येतो, आई चारला उठते. आणि मग हसून म्हणाला, "सीज़न में नींद नहीं दीदी, और गर्मी में काम नहीं." मला एकदम वाटलं, हे वाक्य मी ऐकलं आहे. आमच्याच अंगणात, बाबांच्या तोंडून, मराठीत.

जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम २०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वाळवंटच ते! तरी ११५६ पासून तिथे वस्ती टिकली, कारण लोकांनी पाण्याचा थेंब मोजून वापरला. गडीसर तलाव बांधला, घराघरात टाकी केली, छपरावरचं पाणी उतरवून घेतलं. सत्यजित राय यांचा १९७४ चा 'सोनार केल्ला' आला आणि बंगाली पर्यटकांची रीघ लागली. पुढे जगभरातून लोक येऊ लागले. किल्ल्यात गेस्ट हाउसं झाली, नळ आले, बाथरूम वाढले. सरांनी आम्हाला तटाच्या पायथ्याशी उभं करून ओलीचे डाग दाखवले. ज्या किल्ल्याची रचना हंड्या-कळशीच्या पाण्याच्या हिशेबानं झाली, त्यात आता पाहुण्यांच्या शॉवरचं पाणी मुरतं. खालचा मातीचा थर भिजून फुगतो आणि वरचा दगड सरकतो. १९९० च्या दशकात बुरूज ढासळले. १९९६ मध्ये या किल्ल्याचं नाव जगातल्या धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत गेलं. आठशे वर्षं शत्रूला आणि वाळूला पुरून उरलेला किल्ला गळक्या ड्रेनेजला हरायला लागला! सगळे नोट्स घेत होते. मला माझ्या सकाळच्या दोन बादल्या आठवत होत्या. त्या दिवशी जैसलमेरमध्ये मीच ती काच खाली करणारी पाहुणी होते.

आता कोणी म्हणेल, जैसलमेर वाळवंट आहे, तुमच्याकडे तर दीड हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तुम्हाला काय कमी? इथेच गंमत आहे. आमचा डोंगर काळ्या पाषाणाचा, उतार तीव्र. चार महिने पडलेलं पाणी दऱ्यांमधून धावत खाली जातं आणि खालच्या धरणांत, विहिरींत साठतं. वर राहतात ते तलाव. फेब्रुवारीनंतर विहिरी तळ दाखवतात, आणि नेमकं मे महिन्यात, पाणी सगळ्यात कमी असताना, पाहुणे सगळ्यात जास्त असतात. नळ लांबतो, गल्लीत टँकर येतो, ड्रम रांगेत लागतात. त्या महिन्यांपुरतं आमचं गावही वाळवंटच असतं, फक्त हिरवं दिसतं.

आपण इंजिनियर होणार आहोत, तर जरा हिशेब करू. आपल्याला शिकवलेले आकडेच घ्या. ड्रेनेज नसलेल्या नळाच्या गावाला माणशी रोज ७० लिटर, हॉस्टेलला १३५, हॉटेलला १८०. पाच हजार वस्तीला ७० प्रमाणे साडेतीन लाख लिटर लागतात. समजा, जोडून सुट्टी आली आणि आणखी पाच हजार लोक मुक्कामाला राहिले. त्यांचे झाले नऊ लाख. म्हणजे तीन दिवसांसाठी गावाची तहान साडेतीनवरून साडेबारा लाखांवर गेली. वॉटर सप्लायच्या पेपरात आपण लोकसंख्येचा अंदाज चार-चार पद्धतींनी काढतो, पण तो काढतो जनगणनेच्या आकड्यांवरून. शनिवारी येऊन रविवारी जाणारा माणूस त्यात कुठेच बसत नाही. अशा गावाचं डिझाइन राहणाऱ्यांच्या संख्येवर नाही, सगळ्यात गर्दीच्या दिवसाच्या संख्येवर व्हायला हवं. हे माझं पहिलं म्हणणं.

दुसरं म्हणणं छपराचं. १०० चौरस मीटर छपरावर दीड मीटर पाऊस पडला तर दीड लाख लिटर पाणी होतं. वीस टक्के वाया गेलं धरा, तरी सव्वा लाखाच्या जवळ हातात येतं. फेब्रुवारी ते मे असे चार महिने पाच माणसांना ७० लिटरप्रमाणे ४२ हजार लिटर लागतात. पण ४२ हजार लिटरची टाकी म्हणजे पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि दोन मीटरहून खोल. आमच्यासारख्या टिनाच्या घराला ती परवडत नाही. ज्याच्या पन्नास खोल्या आहेत, ज्याचं छप्पर हजार मीटरचं आहे, त्याला नक्की परवडते. वर बांधकाम करायचं तर आधी आपल्या पाहुण्यांपुरती टाकी बांधा, मग स्विमिंग पूल. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात पाम स्प्रिंग्जच्या खोऱ्यात शंभराहून जास्त गोल्फची मैदानं आहेत म्हणे, हिरवीगार! पैसा असला की वाळवंटातही लॉन उगवतं. प्रश्न फक्त ते पाणी कोणाच्या वाट्याचं, हा असतो.

तिसरं गाड्यांचं. माथेरानला मोटारगाड्यांना बंदी आहे, गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात. तरी माथेरान ओस पडलेलं नाही. उटी आणि कोडाईकनालला मद्रास हायकोर्टाच्या आदेशानं मे २०२४ पासून गाड्यांना ई-पास लागतो. एका गावात किती गाड्या मावतात, हा भावनेचा प्रश्न नाही, मोजण्याचा आहे. आमच्याकडेही गर्दीच्या दिवशी गाड्या घाटाखाली थांबवून गावातल्याच जिपांनी लोकांना वर नेलं, तर घाट मोकळा राहील आणि बाबांसारख्या माणसांना कामही मिळेल. काचेच्या स्कायवॉकची चर्चा आमच्याकडे कित्येक वर्षं चालू आहे. होऊ दे, आनंदच आहे. पण तो पाहायला येणारा माणूस कोणत्या रस्त्यानं येईल आणि कोणतं पाणी पिईल, हे त्याच नकाशावर काढलेलं असावं, एवढीच इच्छा.

आणि एक आठवण. चिखलदरा म्हणजे फक्त गाव नाही, भोवती कोरकूंचं मेळघाट आहे. रिसॉर्टच्या बांधकामावर डोक्यानं गिट्टी वाहणारी बाई बहुतेक वेळा तिथलीच असते. कामासाठी दूर गेलेले कोरकू होळीला मात्र घरी परततात. तेव्हा रस्त्यात फगवा मागणारी पोरं भेटली तर काच वर करू नका. तुम्ही त्यांच्या घरी आला आहात, ते तुमच्या गाडीसमोर आलेले नाहीत.

मैत्रिणींनो, उन्हाळ्यात आपल्या हॉस्टेलचं पाणी एक दिवस गेलं तर आपण रेक्टर मॅडमच्या दारात बादल्या वाजवतो. त्यात चूक काही नाही. फक्त पुढच्या वेळी कुठेही फिरायला गेलात, जैसलमेरला, माथेरानला की आमच्याकडे, तर तिथेही कोणाची तरी बादली रांगेत आहे एवढं लक्षात असू द्या. एका बादलीत अंघोळ होते. गाडी वळणावर न लावता फोटो निघतो. चिप्सचं पाकीट रिकामं झाल्यावर हलकंच असतं, परत नेता येतं.

बेत मी मोडलेला नाही हं. फक्त तारीख बदलायला सांगितली आहे. पंधरा ऑगस्ट सोडा, त्याच्या पुढच्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार पाहू. धुकं तेच असतं, धबधबे तेच असतात, खोलीचं भाडं कमी असतं आणि घाट मोकळा असतो. रिसॉर्टचं म्हणाल तर आमच्या गल्लीतल्या काकूंकडे दोन खोल्या आहेत. गरम पाणी चुलीवरचं मिळेल, माणशी एक बादली. आईला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, "आण ना पोरींना. मंगळवारी मलेही बसून चहा प्यायले वेळ असते."

(तृतीय वर्ष, स्थापत्य)