गाडी आमची, पाना आमचा, मग वॉरंटी का जावी?

नवी मोटारसायकल घेतली की पेढ्यांच्या पुड्यासोबत एक धमकीही घरी येते. "काका, गाडीला स्वतः हात लावू नका, वॉरंटी जाईल." जळगावात ऐका नाहीतर धुळ्यात, वाक्य तेच. सांगणारा पोरगा विशीतला. ऐकणारे आम्ही, राजदूत-येझदीच्या काळात रस्त्याच्या कडेला प्लग काढून, पॉलिश पेपरने घासून गाडी चालू करणारे! आणि तरी आम्ही मुकाट मान डोलावतो. मंडळी, माझा राग त्या पोरावर नाही, या मान डोलावण्यावर आहे.

मुळात वॉरंटी म्हणजे काय? ठरलेल्या मुदतीत मालात किंवा बांधणीत दोष निघाला तर आम्ही फुकट दुरुस्त करू, हा कंपनीने दिलेला शब्द. ती काही मेहेरबानी नव्हे, गाडीच्या किमतीत तिचे पैसे आपण मोजलेले असतात. आता मला सांगा, चेनला तेल घातल्याने मीटर कसा बंद पडतो? माझ्या भाच्याला धुळ्यात एका सर्व्हिस सेंटरवर हेच ऐकवलं गेलं. त्याने "हे लिहून द्या" म्हटल्यावर सूर एकदम बदलला.

गंमत पुढेच आहे. गाडीसोबत एक पुस्तिका मिळते. ती इंग्रजीत, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहते. मी शब्दकोश घेऊन वाचली (मास्तरांची खोड!). टायरची हवा, ऑइलची पातळी, चेनचा ताण पाहणे, चेन पुसून तेल देणे ही कामं मालकानेच करावीत असं कंपनीच सांगते. धुळीच्या भागात एअर फिल्टर जास्त वेळा साफ करावा, हेही त्यात आहे. धुळीचा भाग म्हणजे आणखी कुठला हो? धुळ्याच्या तर नावातच धूळ आहे :) मे महिन्यात जळगावचा पारा ४५ वर जातो. चोपडा-यावलकडच्या शेतरस्त्यावर काळ्या मातीची पूड चेनवर बसते. पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहत बसलात तर चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही जातील, आणि झिजणारे भाग वॉरंटीत धरत नाहीत!

कंपन्यांचं एक म्हणणं खरं आहे. भलतंच ऑइल ओतलं, वायर कापून मोठा हॉर्न बसवला आणि त्यातून नुकसान झालं, तर ते त्यांनी का भरावं? नकोच भरायला. आजच्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या, त्यात सेन्सर आहेत. तिथे आपली राजदूतची विद्या चालत नाही. पण नुकसान आपल्या हातामुळेच झालं हे दाखवून द्या, आणि तेवढ्यापुरतंच नाही म्हणा.

हे मी मनचं सांगत नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड केला. त्या निकालात हेच तत्त्व होतं: बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सगळी वॉरंटी रद्द करू नका, सदोष कामाने जेवढं बिघडलं तेवढीच नाकारा. निकाल चारचाकीवाल्यांचा होता, त्यावर अपिलंही झाली, हे मान्य. पण तत्त्वाला चाकं दोन की चार, काय फरक पडतो? अमेरिकेत तर १९७५ पासून तसा कायदाच आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ च्या ग्राहक दिनी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. मात्र पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तोवर आपणच शहाणं व्हायचं.

म्हणजे काय करायचं? ठरलेल्या किलोमीटरची सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रावरच करा, ती अट असते आणि ती पाळावी. मुदतीत ऑइल बदलणं, इंजिन खोलणं, वायरिंग त्यांच्याकडेच. रोजची निगा मात्र स्वतः राखा. एका वहीत तारीख, किलोमीटर आणि काय केलं ते लिहा. बिलं आणि जॉब कार्ड जपून ठेवा. वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा. तरी ऐकलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोग जळगावलाही आहे, धुळ्यालाही. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, एवढं लक्षात ठेवा.

असो. आमच्या घरातल्या नातवंडांना माझं एकच सांगणं आहे. मोबाईल पुसता तसा चेनवरही कधी फडका फिरवा. ज्याला आपल्या वस्तूला हात लावायचीही भीती वाटते, तो तिचा मालक कसला? तो नुसता हप्ते भरणारा.