अडुसष्टाव्या वर्षी शिडाची होडी

फिटनेस सर्टिफिकेटसाठी माझ्या दवाखान्यात येणारी मंडळी बहुधा पंचविशीच्या आतली असतात. कुणाला नोकरीवर रुजू व्हायचे असते, कुणाला पोलीस भरतीला उभे राहायचे असते. गेल्या ऑक्टोबरात मात्र अडुसष्ट वर्षांचे एक निवृत्त बँक कर्मचारी समोर येऊन बसले. मुंबईतल्या एका सेलिंग क्लबात नवशिक्यांच्या तुकडीत त्यांना नाव नोंदवायचे होते. सोबत मुलगा होता. "डॉक्टर, बाबांना तुम्हीच समजावा," असे म्हणून त्याने क्लबाचा अर्ज माझ्यापुढे सरकवला.

"नको" हा शब्द डॉक्टरच्या जिभेवर नेहमी तयार असतो. तो उच्चारला की पुढे काहीही झाले तरी आपल्यावर बोल येत नाही. काही वर्षांपूर्वी माझे एक रुग्ण सायकलवरून किरकोळ पडले, तेव्हा मी त्यांना सायकल सोडायला सांगितले. त्यांनी ती मुकाट्याने सोडली. वर्षभरात त्यांच्या मांड्या बारीक झाल्या, बाजारात जाणे थांबले, आणि अखेर खुब्याचे हाड मोडले ते न्हाणीघरात. तो "नको" मला अजून सलतो. म्हणून या वेळी आधी तपासले आणि मग बोललो.

सेलिंग म्हणजे साहेबांचा आणि धनिकांचा खेळ, असा आपला समज असतो. तो अगदीच निराधार नाही. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा, म्हणजे साहेबांच्याच काळातला. पण शीड आपल्याला परके नाही. इंजिने येण्यापूर्वी पाचूबंदर आणि अर्नाळ्याचे कोळी बांधव वाऱ्यावरच मासेमारीला जात. आणि क्लबात शिरायला स्वतःची होडी लागतेच असे नाही. होडीला माणसे लागतात. एकजण सुकाणू धरतो, दुसरा शिडाचा दोर सैल करतो किंवा ओढतो, तिसरा वाऱ्याच्या बाजूला बसून तोल राखतो. त्यातला एक आला नाही तर उरलेल्यांचे अडते.

हे शेवटचे वाक्य घरातल्या काळजीवाहकांनी पुन्हा वाचावे. पत्नीच्या निधनानंतर या गृहस्थांना घरात सगळे प्रेमाने एकच सांगत होते, "तुम्ही बसा, आम्ही करतो." आपल्यावाचून कुणाचे अडावे, ही भूक औषधाने भागत नाही. जपानचे केनिची होरिए २०२२ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, एकट्याने प्रशांत महासागर ओलांडून गेले. त्यांना दुरून नमस्कार करावा. आपल्याला रविवारची सकाळ आणि तीन सोबती पुरेत.

आता तपासणीचे. हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर आधी दोन-तीन महिने मांड्यांचा व्यायाम करावा. हलत्या होडीत पाऊल टाकणे हाच यातला सर्वांत कठीण भाग असतो. क्लबात कीलबोट मागावी. तिच्या तळाशी जड वजन असते, त्यामुळे ती कलली तरी सहसा उलटत नाही. लहान डिंगी मात्र उलटते, आणि ती शिकण्याचाच भाग मानली जाते. ती नातवंडांसाठी सोडावी. लाइफ जॅकेट धक्क्यावरच घालावे, पोहता येत असले तरी.

शिडाच्या पायथ्याशी बूम नावाची आडवी दांडी असते. होडी वळताना ती एका बाजूकडून दुसरीकडे झपाट्याने फिरते. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला तिचा फटका बसला, तर त्या क्षणी काही न वाटले तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. अशांनी थेट रुग्णालय गाठावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी न्याहारी टाळू नये आणि साखर खिशात ठेवावी.

एका गोष्टीविषयी मात्र कुणी बोलत नाही. लहान होडीत शौचालय नसते. म्हणून ज्येष्ठ मंडळी, विशेषतः भगिनी, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेतलेली असते आणि डोक्यावर ऊन असते. उठून उभे राहताच चक्कर येते ती यामुळे. दोष मात्र समुद्राला दिला जातो. ती गोळी त्या दिवशी उशिरा घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. स्वतःहून बंद करू नये. मळमळ होऊ नये म्हणून शेजाऱ्याने दिलेली गोळीही घेऊ नये. यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी ज्येष्ठांना गुंगी येते, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. पाण्यावर आपल्याला मळमळते का, याचा थोडा अंदाज वसई-भाईंदर रो-रोच्या एका फेरीत येऊ शकतो.

आमच्या या गृहस्थांचा तोल उत्तम निघाला, रक्तदाब आटोक्यात होता, हृदयाचा आलेखही ठीक होता. "कीलबोट, लाइफ जॅकेट, पावसाळ्यात नाही," असे लिहून मी सही केली. मुलगा काही वेळ गप्प राहिला.

जानेवारीत ते पुन्हा आले तेव्हा तळहाताला दोराचे घट्टे पडले होते आणि ते दाखवण्यातच त्यांना अधिक रस होता. मला मात्र खरी धास्ती होडीची नव्हे, विरार लोकलची होती. त्यावर मुलानेच तोडगा काढला होता. बाबांनी वसईहूनच सुटणारी पहाटेची गाडी पकडायची. आणि परतीला रविवारचा ब्लॉक असेल, तर तो स्वतः त्यांना आणायला जाणार.